एकशे बारावं पत्र

१

‘सदर ईमेल-पत्र संबंधित कंत्राटी ग्रंथसंवर्धिकेच्याच खात्यातून, तिच्याच सांकेतिक शब्दाने, नेहमीच्याच वारी व वेळी पाठविण्यात आले. त्यातील सर्व वाक्ये तिचीच आहेत (परिशिष्ट अ पाहावे). सबब ते तिनेच पाठविले, याविषयी चौकशीअंती कोणतीही शंका उरलेली नाही.’

मावशीने ग्रंथालयाच्या कार्यवाहांचा अहवाल एकदा चष्मा लावून वाचला आणि एकदा चष्मा काढून, कारण काही मजकूर धूसर दिसलेलाच बरा असतो. मग तिने पेन्सिल उचलली.

“चौकशी गुरुवारी दुपारी बाराला सुरू झाली आणि चारला आटोपली,” ती म्हणाली. “चार तासांत एकही शंका शिल्लक नाही. मला एका ओळीचा खरा पाठ ठरवायला चार महिने लागले होते, आणि शेवटी तळटीप द्यावी लागली ती वेगळीच. तुमच्या कार्यवाहांनी आमच्या शास्त्रात यायला हवं होतं. शास्त्र बुडालं असतं, पण लवकर बुडालं असतं.”

मावशीचं शास्त्र म्हणजे जुन्या हस्तलिखितांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहायच्या, मूळ लेखकाने काय लिहिलं होतं आणि मागाहून कुणी काय घुसडलं हे ठरवायचं. चाळीस वर्षं तिने तेच केलं. निवृत्त झाल्यावर माणसांशीही ती तशीच वागू लागली, त्यामुळे तिच्याकडे येणाऱ्यांची संख्या आटोपशीर होती.

समोर बसलेली भाची मात्र लहानपणापासून येत होती. ग्रंथालयाच्या कार्यशाळेत फाटकी पानं जोडणं हा तिचा धंदा. हातात सदैव चिमटा, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणत. तिचं कंत्राट या महिन्याअखेर संपणार होतं. सोमवारी अकरा वाजता निवड समिती बसायची होती, कार्यशाळाप्रमुखाच्या कायम जागेसाठी. कालपर्यंत यादीत तिचं नाव पहिलं होतं. अहवालाच्या शेवटच्या ओळीने ते खोडण्याची शिफारस केली होती.

“पत्र वाच,” मावशी म्हणाली. “मोठ्याने. रडत नको, रडताना शब्द गाळले जातात.”

चिमटीने फोन पुढे धरून वाचलं. ‘दुमडलेला कोपरा’ या तिच्या साप्ताहिक न्यूजलेटरचा हा एकशे एकसष्टावा अंक. वर फोटो होता, ग्रंथालयातल्या एका देणगी-संग्रहाच्या पितळी पाटीचा. खाली एवढाच मजकूर:

‘काही लोक पुस्तकं वाचायला नाही, भिंती झाकायला घेतात. मग एक दिवस ती आमच्या गळ्यात पडतात. उत्तरेकडच्या कपाटातल्या शंभरांपैकी एकाही पुस्तकाला कसरीनं तोंड लावलेलं नाही, किड्यांनाही निवड असते. असल्या कागदाला खळ लावणं म्हणजे प्रेताला पावडर लावणं. पण पोटासाठी माणूस काय काय करतो.’

“दात्यांचे पुतणे निवड समितीवर आहेत,” चिमटी म्हणाली. “त्यांना पत्र नऊला मिळालं. साडेनऊला ते कार्यवाहांच्या खोलीत होते.”

“आणि तू?”

“मी दातांच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं ठेवून. माझं खरं पत्र मी बुधवारी रात्रीच नऊच्या वेळेला लावून ठेवलं होतं, ते गेलंच नाही. अहवाल म्हणतो, फोनवरून पाठवलं असेल.”

“तोंड उघडं असताना माणूस बोटांनी खोटं बोलू शकतो, हा शोध मात्र नवा आहे. हे तू लिहिलं नाहीस ना?”

चिमटीने आधी फोन पालथा ठेवला. उत्तर आधी आलं नाही हे मावशीला आवडलं नाही.

“पत्र मी लिहिलं नाही, मावशी. पण यातलं एकही वाक्य परकं नाही. सगळी माझीच आहेत.”

२

तीन वर्षांपूर्वी हे न्यूजलेटर सुरू झालं तेव्हा वाचक होते अकरा. सात नातेवाईक, दोन सहकारी, आणि पत्र नीट पोचतं की नाही हे पाहायला चिमटीचे स्वतःचेच दोन पत्ते. कंत्राटी माणसाचं काम भिंतीआड राहतं आणि कंत्राट संपलं की माणूसही. तेव्हा आपलं काम चार लोकांना दिसू दे, असं तिला प्रमुख ग्रंथपालांनी सुचवलं होतं. तिने नियम मोजकेच ठेवले. दर गुरुवारी सकाळी नऊ. एका पत्रात एकच गोष्ट: एखादा उसवलेला शिवणदोरा, एखादा पाण्याचा डाग. शेवटी वाचकाला एक प्रश्न, आणि जो उत्तर देईल त्याला स्वतःच्या हाताने प्रत्युत्तर. विचारल्याशिवाय कुणाचाही पत्ता यादीत घालायचा नाही. वर्षातून एकदा छाटणी: जे पत्र उघडतच नाहीत, त्यांना नमस्कार करून मोकळं करायचं.

अकराचे चार हजार दोनशे झाले. त्यातच नियामक मंडळाचे अध्यक्ष निघाले, आणि कायम जागेचा विषय पहिल्यांदा कागदावर आला तो त्यांच्यामुळे.

“पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?” मावशीने विचारलं.

“तिघांना. गेल्या वर्षी मी आठ दिवस इस्पितळात होते. पत्र चुकू नये म्हणून तिघांना दिला. नंतर बदलायचा राहिला.”

“म्हणजे ‘तिच्याच सांकेतिक शब्दाने’ याचा अर्थ चौघांच्या. एक ‘च’ गेला. हे तिघं कोण?”

“माझे पहिले वाचक. बुधवारी मी तिघांना कच्ची प्रत पाठवते. सकाळी भावजींना, ते जाहिरात कंपनीत आहेत, कंटाळवाणं काय ते सांगतात. त्यांच्या दुरुस्त्या घातल्या की दुपारी दाभणला.”

“दाभण हे माणसाचं नाव आहे?”

“आमचा बांधणीकार. जिभेवरून पडलं. तो माहितीच्या चुका काढतो. त्याच्या दुरुस्त्या घालून चारला सरांना, म्हणजे प्रमुख ग्रंथपालांना. ते फक्त ‘छान’ म्हणतात.”

मावशीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काही तरी हललं. एकामागून एक तीन प्रती, प्रत्येकीत आधीच्या प्रतीवरच्या दुरुस्त्या. निम्मं आयुष्य तिने असल्याच वंशावळी मांडण्यात घालवलं होतं. फरक एवढाच, की तिचे लेखनिक मेलेले असत आणि त्यामुळे खोटं बोलत नसत.

तिने परिशिष्ट अ पुढे ओढलं. टंकलेला एकच कागद, सही नाही. पाच वाक्यं आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या जुन्या पत्रातून आलं त्याचा क्रमांक: चौदा, एक्केचाळीस, एकशे बारा, नव्वद, सत्याहत्तर.

“हा कागद कुणी केला?”

“कुणाला माहीत नाही. गुरुवारी अकराला कार्यवाहांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये होता. त्यांना वाटलं, कार्यशाळेतून आला.”

“चल, ताडून पाहू.”

चौदाव्या पत्रात चिमटीने स्वतःच्याच सासऱ्यांची थट्टा केली होती: भिंती झाकायला पुस्तकं घेणारे तेच. सासऱ्यांनी त्यावर पाठीवर थाप मारली होती. एक्केचाळिसाव्यात गळ्यात पडत होते ते रद्दीवाल्याचे गठ्ठे. नव्वदाव्यात प्रेत म्हणजे स्वस्त वर्तमानपत्री कागद, सत्याहत्तराव्यात पोटासाठीच्या उपद्व्यापात हजार पानी नियमावलीची बांधणी. चार निरुपद्रवी वाक्यं, चार वेगळ्या घरांतून पळवून एका छपराखाली आणलेली. वर पितळी पाटीचा फोटो ठेवला की झाली निंदा. माणसाला बदनाम करायला त्याचेच शब्द पुरतात, फक्त मधली जागा कापता आली पाहिजे.

राहिलं तिसरं. चिमटीने एकशे बारावं पत्र उघडलं, वरून खाली गेली, खालून वर आली. मग तिने मावशीकडे पाहिलं.

कपाटाविषयीच्या त्या पत्रात ते वाक्य नव्हतं.

३

“काढलं होतं मी,” चिमटी सावकाश म्हणाली. “आत्ता आठवतंय. त्या आठवड्यात बुधवारी सरांना प्रत गेली तेव्हा वाक्य होतं. गुरुवारी सकाळी शिपाईमामा म्हणाले, त्या कपाटात पूर्वी औषध फवारलंय. म्हणजे किड्यांची निवड वगैरे सगळं खोटं. साडेआठला मी वाक्य उडवलं. कुणाला सांगितलं नाही. एका वाक्याचं काय सांगायचं?”

“तू प्रामाणिक आहेस, हे तुझ्या आईला लहानपणीच कळलं होतं. तिने फार वाईट वाटून घेतलं.” मावशी उठून खिडकीशी गेली. “आता लक्ष दे. हे वाक्य चार हजार दोनशेंपैकी कुणीही कधी वाचलेलं नाही. वाचलंय चौघांनी: तू आणि तुझे तीन पहिले वाचक. आणि परिशिष्ट करणाऱ्याला ते एकशे बाराव्या पत्रात छापलंय अशी खात्री होती. ते तू स्वतःच काढलं होतंस. म्हणून परिशिष्ट करणारी तू नव्हेस.”

“पण परिशिष्ट करणारा आणि पत्र पाठवणारा एकच कशावरून? एखाद्याने मदत म्हणून शोधून दिलं असेल.”

“पत्र नऊला गेलं. परिशिष्ट अकराला ट्रेमध्ये. एकशे साठ पत्रांतून पाच वाक्यांची मुळं दोन तासांत, टंकून, क्रमांकासह. आणि त्यातलं एक वाक्य असं, की तुझ्या छापील पत्रांत वर्षभर शोधलं असतं तरी सापडलं नसतं. शोधणाऱ्याला वेळ लागतो, पोरी. पुरणाऱ्याला लागत नाही. खड्डा कुठे खणला ते त्याला पाठ असतं.”

तिचा आवाज चढला नव्हता. चिमटीला बरं वाटलं असतं, चढला असता तर.

“त्या कच्च्या प्रती आहेत तुझ्याकडे?”

पाठवलेल्या पत्रांत तिन्ही होत्या. मावशीने त्या छापून टेबलावर ओळीने मांडल्या.

भावजींना गेलेली: ‘दक्षिणेकडच्या कपाटातल्या शंभरांपैकी नव्वद पुस्तकांना वाळवीनं तोंड लावलेलं नाही.’

दाभणला गेलेली: ‘दक्षिणेकडच्या कपाटातल्या शंभरांपैकी एकाही पुस्तकाला वाळवीनं तोंड लावलेलं नाही.’

मावशी तिसरी प्रत उचलणार तोच तिने हात मागे घेतला आणि कागद पालथा घातला.

“ही आत्ता नको. आधी माणसं पाहू. प्रत आधी वाचली की माणूस त्या प्रतीसारखा दिसायला लागतो.”

४

दीर घरीच सापडला, शुक्रवारी दुपारी, तीन पडद्यांसमोर.

“मावशी, तुम्ही? म्हणजे प्रकरण गंभीर आहे,” तो म्हणाला. “बसा. त्या खुर्चीवर नको, ती फिरते.”

“मीही फिरते. तुम्ही बुधवारी संध्याकाळी वहिनींच्या खात्यात गेला होतात का?”

त्याने मान खाली घातली. “गेलो होतो. दर बुधवारी जातो. आकडे बघायला.”

“वहिनींना माहीत आहे?”

“नाही. त्या म्हणतात, आकडे महिन्यातून एकदाच बघायचे, नाहीतर माणूस वाचकांसाठी नाही, आकड्यांसाठी लिहायला लागतो. मी म्हणतो, वजन करायला नको तर काटा घेतला कशाला? दोन वर्षांपूर्वी मी दहा हजार पत्ते विकत मिळवून देत होतो. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण मावशी, चिडलो असलो तरी मी हे का करीन? माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी वहिनींचंच उदाहरण देतो.”

“एकशे बारावं पत्र आठवतं?”

“कपाटाचं? मी म्हटलं होतं, नव्वद नको, ‘एकाही’ करा. टक्केवारीत विनोद मरतो. त्यांनी केलंही. पण गुरुवारी बघतो तर वाक्यच गायब. मी मनात म्हटलं, घ्या, ऐकून घेतात आणि कापून टाकतात.”

“गुरुवारचं पत्र तुम्ही वाचता तर.”

“मीच वाचतो. बाकीचे दोघं तर उघडतही नाहीत. आकड्यांत दिसतं ना: दाभणचा पत्ता आणि सरांचा पत्ता, तीन वर्षांत एकदाही उघडलेलं नाही. छाटणीत पहिले तेच जायला हवे होते. वहिनी म्हणाल्या, घरच्या माणसांना छाटत नसतात.”

बाहेर पडल्यावर मावशीने वहीत एक ओळ लिहिली. दिराला वाक्य गायब झाल्याचं ठाऊक होतं; तो ते छापलंय असं म्हणाला नसता. उरले दोन. त्यातल्या एकाने त्याच कायम जागेसाठी अर्ज केला होता.

५

दाभण कार्यशाळेत एका जाड ग्रंथाच्या पाठीवर कातडं चढवत होता. साठीच्या आसपासचा, आणि बोटांची टोकं अशी की सुई टोचली तर सुईनेच माफी मागावी.

“या मावशी. भाचीची वकिली?” त्याने मान वर केली नाही. “माझाच संशय असणार. अर्ज मी केलाय, पासवर्ड मला माहीत, तोंड माझं वाईट. मी तुमच्या जागी असतो तर मीही मलाच धरलं असतं.”

“तुम्ही तिची पत्रं वाचत नाही म्हणे.”

“वाचत नाही. दुरुस्त करतो. बुधवारी दुरुस्त केलेलं गुरुवारी पुन्हा कशाला वाचायचं? धुतलेलं भांडं परत घासणाऱ्यातला मी नव्हे.”

“दुरुस्त केलेल्या प्रती ठेवता?”

त्याने अंगठ्याने एक फाइल दाखवली. प्रत्येक कागद तांबड्या पेन्सिलीने असा जखमी केलेला, की मावशीला क्षणभर आपलं तरुणपण आठवलं. एकशे बारावा कागद तिने बाहेर काढला. ‘वाळवीनं’ या शब्दावर तांबडी फुली होती आणि समासात लिहिलं होतं: ‘कसर. वाळवी असती तर कपाटही उरलं नसतं. डोळे आहेत की बटणं?’ वाक्यात दुसरी खूण नव्हती. ‘दक्षिणेकडच्या’ हा शब्द जसाच्या तसा होता.

“हे कपाट कुठल्या बाजूला आहे?” मावशीने सहज विचारलं.

“असेल दक्षिणेला. तिनं लिहिलंय ना? मी वरच्या मजल्यावर जात नाही, गुडघे नाही म्हणतात.” मग तो थांबला, हातातलं कातडं सोडलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “मावशी, एक सांगतो. ती जागा मला हवी आहे. तिच्यापेक्षा माझी शिवण सरळ आहे आणि हे मी समितीला तोंडावर सांगणार होतो. तोंडावर. असलं पत्र पाठवून मिळालेली जागा म्हणजे उसन्या दातांनी चावणं. आता ती गेली तर लोक म्हणतील दाभणनं टोचलं. माझं तर दोन्हीकडून नुकसान झालं.”

मावशी जिन्यावर उभी राहिली. मनातल्या मनात तिने त्या माणसाला दोषी ठरवून पाहिलं, जमत नव्हतं. बनावट पत्रात कपाट उत्तरेकडचं होतं. कपाट उत्तरेला आहे हे दाभणला कळलं असतं, तर त्याने तांबडी पेन्सिल आवरली असती? दुसऱ्याची चूक दिसूनही गप्प बसण्याचा संयम त्या माणसात असता, तर त्याला दुसरं नाव पडलं असतं.

तिने पिशवीतून पालथी ठेवलेली तिसरी प्रत काढली आणि सुलटी केली.

‘उत्तरेकडच्या कपाटातल्या शंभरांपैकी एकाही पुस्तकाला कसरीनं तोंड लावलेलं नाही.’

त्या बुधवारी दुपारी चिमटी स्वतः वर जाऊन कपाट पाहून आली होती, आणि दिशा बदलून मगच तिने शेवटची प्रत पाठवली होती. एकाच माणसाला.

६

शनिवारी सकाळी प्रमुख ग्रंथपालांनी मावशीला स्वतः खुर्ची ओढून दिली. तीस वर्षांपूर्वी ते तिच्याच वाचनकक्षात सहायक होते, आणि अजूनही तिच्यासमोर बसताना कोटाचं बटण लावत.

“बाई, मला झोप नाही,” ते म्हणाले. “मुलीसारखी आहे ती मला. न्यूजलेटर सुरू कर, असं मीच तिला सुचवलं. कार्यवाहांना मी म्हटलंसुद्धा, शिक्षा सौम्य ठेवा. पण पुरावाच असा आला, की माझे हात बांधले गेले.”

“परिशिष्ट अ.”

“हो ना. प्रत्येक वाक्याला क्रमांक. काय करणार?”

“मला एवढंच सांगा, तुम्ही तिची पत्रं वाचत होतात ना?”

ते हसले, आणि त्या हसण्यात खरा अभिमान होता. मावशीने तो नोंदवला. त्यांनी खिशातली किल्ली काढून मागचं कपाट उघडलं आणि निळ्या कापडी बांधणीचे तीन खंड टेबलावर ठेवले.

“एकशे साठच्या एकशे साठ. बुधवारी आली की छापून घेतो, वर्षाअखेर बांधून घेतो. गुरुवारी कशाला उघडायचं? ताजं आदल्या दिवशीच मिळालेलं असतं.”

“हे खंड आणखी कुणी हाताळतं?”

“छे. किल्ली एकच, ती माझ्याकडे. तिलासुद्धा दाखवलेले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी भेट देणार होतो.”

“एकशे बारावं काढाल?”

त्यांनी ते चटकन काढलं. मावशीला जाणवलं, की पान त्यांना शोधावं लागलं नाही. खंड त्या जागी आपण होऊन उघडला, नुकताच दाबून उघडा ठेवल्यासारखा.

“तिसरं वाक्य वाचता का? कसरीचं.”

“‘उत्तरेकडच्या कपाटातल्या शंभरांपैकी एकाही पुस्तकाला कसरीनं तोंड लावलेलं नाही, किड्यांनाही निवड असते,’” त्यांनी वाचलं. “आहे की. परिशिष्ट बरोबरच आहे.”

मावशीने पिशवीतून एक कागद काढून खंडाशेजारी ठेवला. त्या आठवड्याच्या गुरुवारी सगळ्या वाचकांना प्रत्यक्ष गेलेलं एकशे बारावं पत्र. सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचं बोट जिथे वाक्य असायला हवं तिथे गेलं आणि रिकाम्या जागेवर थांबलं.

“तिने ते गुरुवारी सकाळी काढलं,” मावशी म्हणाली. “दिराला माहीत होतं, कारण तो गुरुवारचं पत्र वाचतो. दाभणच्या प्रतीत कपाट दक्षिणेला आहे आणि किडा वाळवी. उत्तरेचं कपाट आणि कसर एकत्र असलेली प्रत जगात तिच्या हाताबाहेर एकच, आणि तिची किल्ली एकच. तुम्ही तिला छापील पत्र समजलात. तीन वर्षांत त्या एका गुरुवारी जरी तिचं पत्र उघडलं असतंत, तर आज मला तुम्हाला पकडता आलं नसतं.”

सरांनी खंड मिटला.

“आणि परिशिष्ट तुमच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. पत्र पुरेसं होतं. पण तुम्ही ग्रंथपाल. संदर्भ दिल्याशिवाय तुम्हाला चैन पडेना.”

“बाई, आपण हे आपल्यातच...”

“आपल्यात काही नाही. सोमवारी अकराला मी समितीपुढे तीन प्रती आणि हा खंड मांडू शकते. बोलेन तासभर, मला हळू बोलता येतं आणि मी काही गाळत नाही. किंवा तुम्ही आत्ता लिहून द्याल. चाळीस वर्षांच्या धंद्यात मी एकच शिकले: टीकाकारापेक्षा कर्त्याचा हस्तलेख बरा. तुम्ही लिहाल त्यातलं एक अक्षर मी बदलणार नाही. तुम्ही तिच्या शब्दांचं जे केलंत, ते मी तुमच्या शब्दांचं करणार नाही.”

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मग कोटाचं बटण काढून त्यांनी लिहायला घेतलं. मावशी खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला दया येईल अशी तिला भीती होती. ती आली नाही.

सोमवारी अकरा वाजता निवड समितीपुढे कार्यवाहांनी आपला अहवाल मागे घेतला. दात्यांचे पुतणे खाली मान घालून ऐकत होते. चिमटीचं नाव यादीत पूर्वीच्या जागी ठेवण्यात आलं, आणि तिला मुलाखतीला आत बोलावण्यापूर्वी सरांचा कागद वाचण्यात आला. इतिवृत्तात तो असा आहे:

‘मी, प्रमुख ग्रंथपाल, स्वतःच्या हाताने लिहून देतो की गुरुवारचे ते पत्र मी जुळवले आणि मी पाठवले. परिशिष्ट अ मी टंकले. बांधणीकाराचा किंवा तिच्या दिराचा यात काहीही संबंध नाही. तिने पत्रे सुरू करावीत असे मीच तिला सांगितले होते. पहिली पंचवीस पत्रे मी ओळ न् ओळ तपासली. गेल्या महिन्यात मंडळाच्या अध्यक्षांनी मला विचारले, की त्या कार्यशाळेत तुमचे नेमके काम काय असते? मी बांधलेले खंड घरी नेऊन तिची सगळी पत्रे पुन्हा वाचली. त्यांत शिपाई होता, रद्दीवाला होता, तिचे सासरे होते. मी कुठेच नव्हतो. माझे नाव घालू नकोस, असे पहिल्या पत्राच्या वेळी मीच तिला बजावले होते. ती खरोखरच घालणार नाही, असे मला वाटले नव्हते.’